टाटा सिएरा

पिंपरी-चिंचवडच्या टेल्को (नंतरची टाटा मोटर्स) कारखान्यात बनलेली, 1991 मध्ये बाजारात आलेली तीन दारांची डिझेल मोटारगाडी. ट्रक बनवणाऱ्या या कंपनीची ही पहिली प्रवासी गाडी. आपल्या काळाच्या पुढची, खपात मागे राहिलेली आणि आता रस्त्यावर क्वचितच दिसणारी.

सिएराचे मूळ ट्रकच्या स्पर्धेत आहे. 1980 नंतरच्या दशकात डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निसान, स्वराज-माझदा आणि आयशर-मित्सुबिशी हे जपानी भागीदारीतले हलके ट्रक भारतात आले. टेल्कोने परदेशी भागीदार न घेता 1986 मध्ये स्वतःचा 407 हा हलका ट्रक उतरवला आणि तो जिंकला. या यशामागे कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी पुण्यात उभी केलेली संशोधन आणि साचेनिर्मितीची व्यवस्था होती. त्याच बळावर 1988 मध्ये टाटामोबाइल 206 हा पिकअप आला आणि त्याच्या चॅसीवर सिएरा बेतली गेली. बाजारात मारुती 800, प्रीमियर पद्मिनी आणि अॅम्बॅसडरचे राज्य असताना, मोटार बनवण्याचा पूर्वानुभव नसलेल्या कंपनीने असे धाडस करावे, हे आजही थक्क करणारे आहे.

सिएराची ओळख म्हणजे तिच्या मागच्या काचा. दोन्ही बाजूंच्या या प्रचंड, न उघडणाऱ्या काचा वर छताकडे वळत जातात. त्यामुळे मागे बसणाऱ्याला गच्चीवर बसल्यासारखा उजेड मिळतो. बाजूला दोनच दारे, तिसरे मागे आणि त्यावर जादा चाक. मागे बसायचे तर पुढचे आसन कलते करावे लागे. वातानुकूलन, बटणाने वरखाली होणाऱ्या काचा, वरखाली करता येणारे स्टिअरिंग आणि इंजिनाचे फेरे दाखवणारा आरपीएम मीटर या सोयी तेव्हाच्या भारतीय ग्राहकाला अपूर्वाईच्या होत्या. पुढे फोर-व्हील-ड्राइव्हची आवृत्तीही निघाली.

याच सुमारास, 1990 मध्ये, जपानमध्ये माझदाने यूनोस कॉस्मो ही दोन दारांची आलिशान कूपे विक्रीस आणली. तीन रोटरांचे इंजिन आणि गाडीतच बसवलेली, उपग्रहावर चालणारी मार्गदर्शक यंत्रणा तिच्यात होती. तंत्रात ही गाडी सिएराच्या कितीतरी पुढे होती. मात्र जपानी कारखान्यांच्या पाठीशी मोटारनिर्मितीचा अनेक दशकांचा अनुभव होता. पिंपरीची मात्र सिएरा ही पहिलीच गाडी होती. तरी दोन्ही गाड्यांचे नशीब सारखेच निघाले: कौतुक भरपूर, गिऱ्हाइके थोडी.

सिएराची खरी कमजोरी तिच्या इंजिनात होती. 1,948 घन सेंटिमीटरचे हे डिझेल इंजिन काटक, पण 70 अश्वशक्तीपेक्षाही कमी ताकदीचे. एवढी जड गाडी घाटात ओढताना ते दमे. 1997 च्या सुमारास आलेल्या टर्बो इंजिनाने ही ताकद 90 अश्वशक्तीच्या आसपास नेली, पण तोवर उशीर झाला होता. भारी किंमत मोजणाऱ्या कुटुंबाला चार दारे हवी होती. टेल्कोने तीच चॅसी वापरून 1992 मध्ये पाच दारांची इस्टेट आणली. 1994 ची सुमो मात्र दहाजणांना सामावणारी निघाली आणि घरोघरी पोचली. 2000 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत सिएराचे उत्पादन पूर्ण थांबले.

खपाच्या आकड्यांवरून सिएराला अपयशी ठरवणे अन्यायाचे होईल. पत्र्याची कलाकुसर, दारांची जुळणी, आतली सजावट, मोटारीच्या ग्राहकाच्या अपेक्षा हे सारे पिंपरीचे अभियंते आणि कामगार या गाडीवर शिकले. 1998 मधील सफारी आणि त्याच वर्षअखेरीस सादर झालेली, संपूर्ण नव्याने आखलेली इंडिका यांच्यामागे ही तालीम होती.

2020 च्या ऑटो एक्स्पोमध्ये टाटा मोटर्सने सिएराचे विजेवर चालणारे संकल्परूप दाखवले. नोव्हेंबर 2025 मध्ये याच नावाची नवी गाडी बाजारात आली. तिला पाच दारे आहेत.