आफ्रिकी केशपरंपरा

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकी लोक व गुलामांच्या व्यापारामुळे अमेरिका खंडांत आणि कॅरिबियन बेटांत विखुरलेले त्यांचे वंशज यांच्या दाट कुरळ्या केसांची रचना, त्यांची निगा व त्यांना लाभलेला सामाजिक अर्थ यांचा इतिहास. शरीराचा हा एक सामान्य भाग कायदा, व्यापार व राजकारण यांचा विषय कसा बनला, हे या इतिहासातून दिसून येते.

रचना व निगा : या केसांचा आडवा छेद चपटा, लंबवर्तुळाकार असतो व त्वचेतील केशपुटक वक्र असते, त्यामुळे केस बाहेर पडतानाच वेटोळे घेतो. टाळूवरील त्वक्-स्नेह या वळणांवरून टोकापर्यंत पोहोचत नाही. म्हणून केस कोरडे राहतात आणि वळणांच्या जागी सहज तुटतात. ओले केस ताणले असता लांब दिसतात व वाळताच आखडतात. त्यामुळे ते वाढतच नाहीत, असा गैरसमज होतो. केस ओले असताना रुंद दातांच्या फणीने टोकाकडून मुळाकडे हळूहळू गुंता सोडविणे, पाण्याचा ओलावा तेलाने वा शिआ लोण्याने टिकविणे आणि सैल पेड घालणे, ही निगेची मुख्य सूत्रे होत. पेड अतिशय घट्ट घातल्यास मुळांवर सतत ताण येऊन कपाळाकडील केस कायमचे गळू शकतात. उष्ण प्रदेशात अशा केसांचा उपयोगही आहे. कृत्रिम मानवाकृतीवर केलेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, डोक्याला सूर्याच्या उष्णतेपासून सर्वाधिक संरक्षण दाट कुरळ्या केसांनी मिळते, असे आढळले.

आफ्रिकेतील परंपरा : ईजिप्तमधील राजवंशपूर्व काळातील थडग्यांत हाडाच्या व हस्तिदंताच्या लांब दातांच्या फण्या सापडल्या आहेत. केंब्रिज येथील फिट्झविल्यम संग्रहालयाने २०१३ मध्ये भरविलेल्या प्रदर्शनात या फणीचा प्राचीन काळापासून आधुनिक काळापर्यंतचा प्रवास दाखविला होता. पश्चिम आफ्रिकेत केशरचनेवरून वय, वैवाहिक स्थिती, कुळ व दर्जा ओळखला जाई. योरुबा लोक मस्तकाला व्यक्तीच्या नियतीचे स्थान मानतात. त्यामुळे केस बांधणे हे केवळ प्रसाधन नव्हते. नामिबियातील हिंबा स्त्रिया गेरू व लोणी यांचा लेप केसांना लावतात. नायजेरियातील छायाचित्रकार जे. डी. ओखाई ओजेइकेरे यांनी १९६८ पासून अनेक वर्षे स्त्रियांच्या शेकडो केशरचनांची छायाचित्रे घेतली.

गुलामगिरीचा काळ : पकडलेल्या माणसांचे केस अनेकदा कापून टाकीत. त्यामुळे त्यांची ओळख सांगणारी एक खूणच पुसली जाई. मळ्यांवर फण्या, तेले व वेळ यांचा अभाव असे. तरीही पेड घालण्याचे कौशल्य टिकले. सुरिनाममधील पळून गेलेल्या गुलामांच्या वंशजांत, पूर्वज स्त्रियांनी भाताचे दाणे केसांत लपवून आणल्याची मौखिक परंपरा आहे. लुइझिॲनाचा स्पॅनिश गव्हर्नर एस्तेबान मिरो याने १७८६ मध्ये हुकूम काढून कृष्णवर्णीय व मिश्रवंशीय स्त्रियांना केस फडक्याने झाकण्यास भाग पाडले. त्या स्त्रियांनी भडक रंगांची वस्त्रे डौलाने गुंडाळून त्या फडक्याचाच अलंकार केला.

सरळ केसांचा व्यापार : गुलामगिरी संपल्यावरही सरळ केस सभ्यतेचे लक्षण मानले जात, नोकरी व प्रतिष्ठा त्यांवर अवलंबून असे. या गरजेतून मोठा व्यवसाय उभा राहिला. त्यात कृष्णवर्णीय उद्योजिका ॲनी मॅलोन व मॅडम सी. जे. वॉकर (१८६७–१९१९) या अग्रणी होत्या. वॉकर यांनी १९१० मध्ये इंडियानापोलिस येथे आपले ठाणे हलविले आणि हजारो स्त्रियांना विक्रीचे काम मिळवून दिले. तापविलेल्या कंगव्याच्या शोधाचे श्रेय त्यांना चुकीने दिले जाते. आपला भर टाळूच्या आरोग्यावर आहे, असे त्या सांगत. पुढे दाहक सोड्याची रसायने आली. ती केसांतील केराटिनाचे गंधकबंध तोडून केस कायमचे सरळ करतात, पण टाळूही भाजू शकते. अमेरिकेतील ३३,४९७ स्त्रियांच्या पाहणीवरील २०२२ च्या अहवालानुसार अशी रसायने वारंवार वापरणाऱ्यांत वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाचे अंदाजित प्रमाण ४.०५ टक्के, तर ती न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के होते. हा संबंध सांख्यिकीय असून त्यावरून कारण सिद्ध होत नाही.

हक्काचा प्रश्न : दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याखाली वंश ठरविताना केसांत पेन्सिल खोचून ती खाली पडते की नाही, हे पाहण्याची पद्धत होती, हा कायदा १९९१ मध्ये रद्द झाला. अमेरिकेत १९६० नंतरच्या कृष्णवर्णीय जागृतीत न सरळविलेले केस स्वाभिमानाचे प्रतीक झाले आणि मूठ कोरलेली फणी लोकप्रिय ठरली. तथापि १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सविरुद्धच्या रॉजर्स खटल्यात न्यायालयाने, पेड घालणे हे वंशासारखे अपरिवर्तनीय लक्षण नाही, या मुद्द्यावर कंपनीचा नियम ग्राह्य धरला. प्रिटोरिया येथील एका कन्याशाळेत २०१६ मध्ये केसांच्या नियमांविरुद्ध विद्यार्थिनींनी आंदोलन केले. केशरचनेवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने प्रथम केला व नंतर वीसहून अधिक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. अमेरिकी प्रतिनिधिगृहाने २०२२ मध्ये असेच विधेयक संमत केले. सिनेटची संमती मात्र त्यास मिळाली नाही.

भारताशी संबंध : तिरुपतीसारख्या देवस्थानांत भाविकांनी अर्पण केलेल्या केसांचा लिलाव होतो. त्यांपासून बनलेले टोप व गंगावने परदेशी जातात आणि कृष्णवर्णीय स्त्रिया त्यांच्या मोठ्या ग्राहक आहेत. एकीकडे श्रद्धेने त्यागलेले केस दुसरीकडे स्वतःचे केस झाकण्यासाठी विकत घेतले जावेत, यात या इतिहासातील विसंगती स्पष्ट होते. भारतातही आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक कर्नाटक व गुजरातमध्ये राहतात. जंजिऱ्याचे सिद्दी महाराष्ट्राच्या इतिहासात सुपरिचित आहेत. केसांची निगा हे शास्त्र असले, तरी ते नैसर्गिक रूपात मिरविण्याची मोकळीक हा सामाजिक न्यायाचा भाग आहे, ही जाणीव आता कायद्यातही उतरू लागली आहे.