चैत्राची यात्रा आणि आठवड्याचा बाजार

देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की पायाचे दगड, शिखर, सभामंडप आणि कळस यांचीच आठवण प्रथम होते. परंतु खेड्यातील देऊळ केवळ दगडांवर उभे नसते. देवळासमोरचे पटांगण, त्या पटांगणात भरणारी यात्रा आणि यात्रेच्या आधाराने वाढलेला बाजार हाही देवळाचाच एक भाग होय. यास्तव जीर्णोद्धाराच्या मंगल प्रसंगी यात्रा व बाजार यांचा पूर्वेतिहास पाहणे उचित ठरेल.

घाटमाथ्यापासून माणदेशापर्यंतच्या मुलुखात गावोगावच्या यात्रा बहुधा चैत्र-वैशाखात येतात. हा केवळ योगायोग नव्हे. फाल्गुनात शाळू निघतो, खळी उरकतात, कणग्या भरतात. मृगाला अजून दीड-दोन महिने अवकाश असतो. वर्षभरात शेतकऱ्याच्या गाठीला चार पैसे आणि हाताला थोडी सवड अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी लाभतात त्या याच दिवसांत. पेरणीपूर्वी बैलाची जोडी बदलावयाची असते, मोट-नाडा, दोरखंड, कुळव यांची तरतूद करावयाची असते, मुलामुलींची लग्ने जमवावयाची असतात. ही सर्व कामे एका ठिकाणी व्हावीत अशी योजना पूर्वजांनी देवाच्या तिथीभोवती बसविली. म्हणूनच यात्रेत एका बाजूस पालखी आणि दुसऱ्या बाजूस जनावरांची दावण दिसते.

शिखर शिंगणापूरची चैत्री यात्रा हे याचे ठळक उदाहरण आहे. चैत्र शुद्ध अष्टमीस शंभू महादेवाचा विवाहसोहळा होतो आणि द्वादशीस कावडी मुंगी घाटाची अवघड चढण चढून वर येतात. सासवडहून येणारी तेल्या भुत्याची कावड कऱ्हेचे पाणी घेऊन येते. भर उन्हाळ्यात, ज्या डोंगरावर पाण्याचे दुर्भिक्ष, तेथे नदीचे पाणी खांद्यावरून वाहून न्यावयाचे, यात त्या मुलुखाची सारी कथा आली. भोसले घराण्यातील मालोजीराजांनी शिंगणापुरास तलाव बांधविला, तोही यात्रेकरूंच्या पाण्याची अडचण ओळखूनच. देवाचे काम आणि लोकांची सोय या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या मानल्या नाहीत.

चैत्र पौर्णिमेस वाडी रत्नागिरीवर ज्योतिबाच्या सासनकाठ्या नाचतात, गुलाल उधळला जातो, दवणा वाहिला जातो आणि 'चांगभलं'च्या गजराने डोंगर दुमदुमतो. तेथील मूळचे देऊळ लहान होते व ते किवळच्या नावजी नामक भक्ताने बांधले, अशी परंपरा आहे. सध्याचे मोठे मंदिर राणोजी शिंदे यांनी इ. स. १७३० मध्ये उभारले. म्हणजे एका साध्या भक्ताच्या लहान देवळाचे पुढे मोठे मंदिर झाले, आणि आज नाव दोघांचेही घेतले जाते. जीर्णोद्धाराच्या कार्यात अल्प देणगी देणाऱ्यानेही हे ध्यानी घ्यावे.

आटपाडी तालुक्यातील खरसुंडीस श्री सिद्धनाथाची चैत्री यात्रा भरते. ही यात्रा खिलार जनावरांच्या बाजारासाठी नावाजलेली आहे. पांढरीशुभ्र, लांब शिंगांची, चपळ व काटक अशी ही जात माणदेशाच्या हलक्या रानात आणि तोकड्या चाऱ्यावर पोसली गेली. दात पाहून वय ठरवावे, चालवून पाय पाहावेत, पाठीवरून हात फिरवून कातडी पाहावी, आणि मग सौदा करावा, ही बाजाराची रीत. सौदाही तोंडाने होत नसे. दलाल आणि गिऱ्हाईक यांचे हात उपरण्याखाली जात, बोटे दाबून आकडा कळविला जाई आणि शेजारी उभ्या असलेल्यास पत्ता लागत नसे. ज्याची जोडी विकली जाई त्या मालकासही कित्येकदा खरा आकडा उशिरा कळे. या रुमालाखालच्या सौद्याचे कौतुक पुष्कळ झाले, परंतु त्यात भोळ्या शेतकऱ्याची फसगत किती झाली असेल याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

यात्रा वर्षातून एकदा, तर बाजार आठवड्यातून एकदा. शेजारशेजारच्या गावांनी वार वाटून घेतलेले असतात, त्यामुळे व्यापारी, तांबोळी, कासार, बागवान यांना रोज एक बाजार सापडतो आणि शेतकऱ्यासही चालत जाऊन दिवस मावळण्यापूर्वी परत येता येईल इतक्या अंतरावर आठवड्यातून एक तरी बाजार मिळतो. काष्टीचा शनिवार, सांगोल्याचा रविवार, घोडेगावचा शुक्रवार हे जनावरांच्या बाजाराचे वार दूरवरच्या शेतकऱ्यांनाही तोंडपाठ असतात. चाकण व आटपाडी येथेही शनिवारीच बाजार भरतो, आणि आटपाडीचा बाजार शेळ्यामेंढ्यांसाठी प्रसिद्ध आहे. पुणे शहरातील पेठांना वारांची नावे मिळाली आहेत, तीही वार आणि बाजारपेठ यांचे नाते सांगतात.

मराठेशाहीत नवी पेठ वसवावयाची झाल्यास सरकारातून कौल दिला जाई. काही वर्षे करात सूट मिळे, मग उदमी लोक येऊन दुकाने मांडीत. पेठेची व्यवस्था शेटे व महाजन या वतनदारांकडे असे. माप खरे आहे की खोटे, जागा कोणाची, तंटा कसा मिटवावा, हे त्यांनी पाहावयाचे. बाजारातील मालाचा थोडा वाटा त्यांना हक्क म्हणून मिळे, आणि काही वाटा देवाच्या दिवाबत्तीसही जाई. अशा रीतीने देऊळ आणि बाजार यांची गाठ पूर्वीपासूनच पडलेली आहे.

इंग्रजी अमलात व्यापार वाढला, रेल्वे आली, कापूस व गूळ दूरदेशी जाऊ लागला; पण शेतकऱ्याच्या मालातून होणारी कपातही वाढली. हमाली, तोलाई, दलाली, कडता यांच्या जोडीस 'धर्मादाय' या नावाखालीही पैसे कापले जात. हा पैसा देवळासाठी, धर्मशाळेसाठी, पांजरपोळासाठी म्हणून घेतला जाई. काही व्यापाऱ्यांनी तो खरोखरच सत्कार्यी लावला. परंतु तो कोठे जमा होतो, किती जमतो, कोण खर्च करतो, हे ज्याच्या घामाचा तो पैसा त्या शेतकऱ्यास विचारण्याची सोय नव्हती. देवाच्या नावाने दिलेला पैसा देवापर्यंत पोचलाच असेल, असे छातीठोकपणे कोणास सांगता येत नसे.

यावर उपाय हळूहळू झाले. वऱ्हाडात १८९७ साली कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. १९२८ मध्ये शेतकी विषयक शाही आयोगाने नियंत्रित बाजारपेठांची शिफारस केली. मुंबई इलाख्यात १९३९ साली आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ साली शेतमालाच्या बाजाराचे कायदे झाले. उघड बोली, खरे वजन आणि मनमानी कपातीस बंदी हे त्यांचे सूत्र होते. शेर, पायली, अधोली जाऊन किलो व लिटर आले. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने धर्मादायाच्या रकमेचाही विचार केला व तिचा हिशेब देणे बंधनकारक केले. कायदे झाले म्हणून सर्व गैरप्रकार थांबले असे नव्हे. तथापि हिशेब मागण्याचा अधिकार साध्या माणसास मिळाला, ही गोष्ट लहान नाही.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. यात्रेत वाजंत्री वाजविणारे, चामड्याच्या वादी व चाबूक विकणारे, देवळाच्या आवाराची झाडलोट करणारे यांच्यावाचून यात्रा होत नसे. पण त्यांच्यापैकी अनेकांस देवळाच्या पायरीवर थांबावे लागे. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी प्राणांतिक उपोषण केले आणि विठ्ठलाचे दार सर्वांस मोकळे झाले. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. जीर्णोद्धार हा दगडांचा होतो तसा रूढींचाही व्हावा लागतो.

यात्रा व बाजार यांनी वाईट दिवसही पाहिले. १९७२ च्या दुष्काळात माणदेशातील जित्राबे चाऱ्यावाचून बाजारात आली आणि हत्तीच्या मोलाचे बैल शेळीच्या मोलाने गेले. बाजार एरवी शेतकऱ्यास तारतो, पण दुष्काळात त्याचे सर्वस्व तेथेच जाते. पुढे २०२० व २०२१ या दोन्ही वर्षी करोनाच्या साथीमुळे चैत्री यात्रा भरल्या नाहीत. देवाची पूजा मोजक्या माणसांत झाली आणि खेळणीवाले, मिठाईवाले, तमाशाचे फड यांच्या हातचे दोन हंगाम गेले. २०२२ मध्ये जनावरांत लम्पी रोग पसरल्याने गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. जनावरास इजा होऊ नये या अटीवरच ही परवानगी आहे, याचे भान यात्रा कमिट्यांनी ठेवावयास हवे.

ट्रॅक्टर आल्याने बैलांची संख्या घटली. तरुण मुंबई-पुण्यास गेले. ते आता यात्रेला सुटी काढून येतात, आणि पुष्कळ गावांत देवळाच्या वर्गणीचा मोठा भाग त्यांच्याकडूनच येतो. दुसरीकडे २०१६ साली राज्याने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्याची मोकळीक दिली आणि संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू झाले. शेतकऱ्याने आपला माल आपल्या हाताने, आपल्या तराजूने विकावा, ही त्यामागील कल्पना. वस्तुतः खेड्यातील जुना आठवडे बाजार याहून वेगळा नव्हता. पहाटे मेथीच्या जुड्या बांधून डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या बाया हे कधीपासूनच करीत आल्या आहेत.

जीर्णोद्धाराच्या उत्साहात अनेक ठिकाणी देवळासमोरील पटांगणास कुंपण पडते, फरशी बसते, गाळे बांधले जातात, आणि पाटी घेऊन बसणाऱ्या बाईस जागा उरत नाही. असे होऊ देऊ नये. मंदिराचा कळस उंच झाला आणि बाजाराची जागा गेली, तर गावाचे अर्धे देऊळ गेले असे समजावे. पटांगण मोकळे राहावे, तेथे चार झाडांची सावली व पिण्याचे पाणी असावे, आणि देणगीच्या पै-पैचा हिशेब दर यात्रेस देवळाच्या भिंतीवर लागावा. ज्या शेतकऱ्याच्या पैशास पूर्वी 'धर्मादाय' म्हणत आणि हिशेब देत नसत, त्याच्या नातवंडांना तो हिशेब वाचता यावा, यासारखा दुसरा जीर्णोद्धार नाही. देणगीदारांच्या दातृत्वाचे आणि ग्रामस्थांच्या श्रमाचे खरे चीज त्यातच आहे.