डायस्पोरा : विखुरणे की पेरणे?

‘डायस्पोरा’ हा शब्द अलीकडे मराठी लेखनातही सर्रास वाचायला मिळतो. अमेरिकेत किंवा युरोपात स्थिरावलेल्या भारतीयांसाठी तो कौतुकाने वापरला जातो. मात्र या शब्दाचा जन्म कौतुकातून झालेला नाही.

मूळ शब्द ग्रीक आहे. ‘दिया’ म्हणजे सर्वदूर आणि ‘स्पेइरो’ म्हणजे पेरणे. मुठीतले बियाणे शेतभर फेकावे, तसे विखुरणे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात तौरातचा ग्रीक अनुवाद झाला. त्यात हा शब्द येतो तो शापवाणीत. ईश्वराची आज्ञा मोडाल तर देशोदेशी विखुरले जाल, असा तिचा आशय आहे. हिब्रूत हद्दपारीला ‘गालुत’ म्हणतात. त्यात दुःख आहे, बियाणे नाही.

इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. पुढे शतकानुशतके हा शब्द प्रामुख्याने ज्यूंच्या वाट्याला आला. १४९२ मध्ये स्पेनने त्यांना हाकलले, तेव्हा उस्मानी सुलतान दुसरा बायझीद याने अनेकांना आपल्या राज्यात आसरा दिला. आपल्या कोकणातले बेने इस्रायलही याच समाजाचे. तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. त्यांनी शब्बाथ सोडला नाही आणि मराठीलाही आपली मायबोली केले. ग्रीक शब्दातले बियाणे इथे खरोखर रुजलेले दिसते.

विसाव्या शतकात आर्मेनियन, आफ्रिकी असे अनेक समाज या शब्दाच्या कक्षेत आले. १९४८ मध्ये सुमारे सात लाख पॅलेस्टिनी आपल्या घरादाराला मुकले. अरबीत त्यांच्या या पांगापांगीला ‘शतात’ म्हणतात. एका विखुरलेल्या समाजाला देश मिळत असताना दुसरा समाज विखुरला गेला, हा इतिहासाचा क्रूर योगायोग नव्हे. त्यामागे माणसांचे निर्णय होते.

म्हणून मला वाटते, हा शब्द वापरताना एक प्रश्न विचारावा : हे लोक स्वतः गेले, की त्यांना फेकले गेले? नोकरीसाठी गेलेला माणूस सुट्टीत घरी येऊ शकतो. हद्दपार झालेल्याच्या हाती कधी कधी फक्त घराची किल्ली उरते. दोघांना एकच शब्द लावला की दुसऱ्याची वेदना झाकली जाते. आणि विखुरले जाण्याचे दुःख ज्याला कळते, त्याला ते ज्यूचे काय आणि पॅलेस्टिनीचे काय, सारखेच कळायला हवे.