बाटली धुवायला किती पाणी लागतं?

अमेरिकेत गेलेला माझा एक टीममेट घरच्या घरी बिअर बनवतो. मागच्या महिन्यात त्याने व्हिडिओ कॉलवर सगळा पसारा दाखवला. बिअर दाखवून झाली दोन मिनिटांत. बाटल्यांवर मात्र तो अर्धा तास बोलला. बाटलीच्या तळाशी जुन्या बिअरचा पापुद्रा राहिला, की त्यात परके यीस्ट आणि जिवाणू तग धरतात. उरलेली साखर खात बसतात, गॅस वाढतो आणि एखाद्या रात्री कपाटात बाटली फुटते. "धुणं वेगळं आणि सॅनिटाइझ करणं वेगळं," हे त्याने तीनदा सांगितलं. मला नांदेडचे नाना आठवले. नाना म्हणजे आईचे वडील. त्यांनी बिअरला कधी हात लावला नाही, पण हेच वाक्य मी त्यांच्याकडून आधी ऐकलं होतं. तेव्हा आम्ही ते मानलं नव्हतं.

(घरची बिअर ब्रिटनमध्ये १९६३ पासून विनापरवाना बनवता येते, अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९७८ मध्ये मोकळीक दिली. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. तेव्हा हे वाचून कुणी किचनमध्ये प्रयोग करू नका. हा लेख बाटलीबद्दल आहे.)

नानांचा गोटी सोड्याचा धंदा होता. ती जाड हिरवट बाटली हिराम कॉड नावाच्या इंग्रज इंजिनिअरची. १८७२ मध्ये त्याने तिचं पेटंट घेतलं. गॅसच्या दाबाने काचेची गोटी वर जाऊन रबराच्या कड्याला घट्ट बसते, बूच लागतच नाही. डिझाइन म्हणून अफलातून, धुवायला महाकठीण. मानेत गोटी आडवी येते, ब्रश आत जात नाही. नाना धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात बाटल्या रात्रभर बुडवून ठेवत. सकाळी त्यात तांदळाच्या कण्या आणि थोडं पाणी घालून खुळखुळ्यासारख्या हलवत. मग दोनदा साध्या पाण्याने आणि शेवटी क्लोरीनच्या पाण्याने. २०० मिली सोड्यासाठी लिटरभर पाणी सहज जायचं. पण नांदेडला गोदावरी आहे. हा हिशेब तिथे कुणी मांडला नाही.

ते क्लोरीनचं पाणी ज्या पावडरचं, तिला आपल्याकडे टीसीएल म्हणतात. ग्रामपंचायतीच्या खोलीत हिचा डबा असतोच, विहिरीत टाकायला. तिचा जन्म मात्र कापडासाठी झाला. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने १७९९ मध्ये कापड पांढरं करायला ब्लीचिंग पावडरचं पेटंट घेतलं. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइसने डॉक्टरांना तिच्याच पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. जंतू ही कल्पना त्याच्याकडे नव्हती. शवविच्छेदन करून आलेल्या हातांचा वास साबणाने जात नव्हता, क्लोरीनने गेला, एवढ्यावर त्याने ते निवडलं होतं. पुढे पाश्चरने १८७६ मध्ये बिअरवर अख्खं पुस्तक लिहिलं आणि बिअर नासते ती परक्या सूक्ष्मजीवांमुळे, हे दाखवून दिलं. स्वच्छ दिसणारी बाटली स्वच्छ असतेच असं नाही, हे तोवर पटायला अवघड होतं.

या पावडरची एक खोड आहे. ती जंतू आणि घाण यांत फरक करत नाही. भांड्यात शेवाळ, बुळबुळीत थर, माती जे सापडेल त्याच्यावर क्लोरीन खर्ची पडतं आणि जंतूंसाठी उरत नाही. म्हणून आधी घासायचं, नंतर पावडर. उलट क्रम चालत नाही.

आता लातूर. २०१६ चा मार्च-एप्रिल. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मांजरा धरणाने तळ गाठला होता, आणि पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लागू होती. आमच्याकडे टँकरचं पाणी येई ते गच्चीवरच्या २०० लिटरच्या ड्रममध्ये. तो ड्रम घासायला किमान दोन बादल्या लागल्या असत्या. दोन बादल्या म्हणजे घरातल्या चौघांचं एका दिवसाचं प्यायचं आणि स्वयंपाकाचं पाणी. पप्पांनी निर्णय घेतला: ड्रम राहू दे, टीसीएल टाकू. नाना फोनवर म्हणाले, "आधी घासून घ्या हो जावईबापू, मग औषध टाका. नुसतं औषध वाया जाईल." पप्पांनी विचारलं, घासू कशाने? नाना गप्प झाले.

आठवड्याभरात धाकटी बहीण उलट्या-जुलाबांनी आडवी झाली. तीन दिवस सलाइन. ते ड्रममुळेच झालं, हे सिद्ध करता येणार नाही. पण नंतर मी ड्रमच्या तळाला हात लावला होता. तो थर अजून बोटांना आठवतो.

त्याच दिवसांत 'जलदूत' आली. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली गाडी लातूरला पोचली: १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणींच्या गाड्या धावू लागल्या आणि पावसाळ्यापर्यंत शंभरावर फेऱ्या झाल्या. याच वाटेवर एकेकाळी बार्शी लाइटची अरुंद रुळांची छोटी गाडी चालायची. फोटो सगळे त्या रांगेतल्या वाघिणींचे. मला मात्र एक बारकी बातमी जास्त महत्त्वाची वाटते: मिरजेला येण्याआधी त्या वाघिणी राजस्थानात कोट्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये वाफेने धुऊन काढल्या होत्या. वाफ चिकट थर सुटा करते आणि जंतूही मारते, तेही तुलनेने थोड्या पाण्यात. आमच्या गच्चीवर जे जमलं नाही ते रेल्वेने हजार किलोमीटरवर आधीच करून ठेवलं होतं. पाणी मग स्टेशनजवळच्या विहिरीत उतरलं, तिथून शुद्धीकरणाला, तिथून टँकरमध्ये आणि शेवटी आमच्या ड्रममध्ये.

एप्रिलअखेर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला सांगितलं, १० मे पासून ६० टक्के. व्हॉट्सअ‍ॅपवर जो तो म्हणत होता, बिअर पिऊन पाणी संपवलं. पण कारखान्यात लिटरभर बिअरमागे चार-पाच लिटर पाणी जातं आणि वरच्या पाण्यातला मोठा वाटा टाक्या, नळ्या, बाटल्या धुण्यातच संपतो. नानांच्या सोड्याचाच हिशेब, फक्त मोठा.

मित्राच्या व्हिडिओत एक गोष्ट बघून मी हरखलो होतो. तो आम्लाचं द्रावण वापरतो, १९ लिटर पाण्यात जेमतेम ३० मिली. बाटली त्यात बुचकळायची, निथळायची आणि तशीच भरायची. पुन्हा विसळायची गरज नाही, फेस राहिला तरी चालतो. मी लगेच नानांना फोन लावला. आता ते थकलेत, ऐकूही कमी येतं. दोनदा समजावून सांगितलं.

"बरं," ते म्हणाले. "पण त्याच्या आधी घासायला?"

घासायला पाणी लागतंच, मी म्हणालो.

"मग तुमच्या ड्रमचं काय झालं असतं त्यानं?"