शुश्रूषेचें शिक्षण : मागील इतिहास व आजची निवड

रोग्यांचा समाचार घेणें हें दयेचें कृत्य होय, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु हृदयांत दया असली म्हणजे हातांस कौशल्य येतेंच असें नाहीं. परीक्षेचे निकाल लागले कीं आईबाप कन्येस घेऊन सल्ल्यास येतात. त्यांच्यासाठीं हा इतिहास थोडक्यांत देतों.

इ. स. १८६० सालीं फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळांत परिचारिकांची शाळा काढली. आमच्या देशांत परक्या देहास स्पर्श करणें पुष्कळ घराण्यांस कमीपणाचें वाटे. म्हणून या कामीं प्रथम बहुतांशीं ख्रिस्ती कन्याच पुढें आल्या.

धर्मभगिनींची अडचण निराळी होती. वैद्यकी व प्रसूतीचें काम त्यांस धर्मनियमानें वर्ज्य होतें. इकडे पडद्यांतील स्त्रिया पुरुष वैद्यापुढें येत नसत व उपचारावांचून मरत. डॉक्टर अ‍ॅग्नेस मॅक्लारेन या स्कॉटिश बाईंनीं १९०९ सालीं रावळपिंडीस स्त्रियांसाठीं इस्पितळ उघडविलें, आणि हा निर्बंध उठावा म्हणून रोमास वारंवार विनंत्या केल्या. १९१३ सालीं त्या निवर्तल्या. त्याच इस्पितळांत काम केलेल्या डॉक्टर आना डेंगेल यांनीं १९२५ सालीं वॉशिंग्टन येथें वैद्यकीय मिशन भगिनींचा संघ स्थापिला. पहिल्या चौघींपैकीं दोघी डॉक्टर व दोघी परिचारिका होत्या. अखेर ता. ११ फेब्रुवारी १९३६ रोजीं रोमची अनुज्ञा निघाली. तींत धर्मभगिनींनीं या कामाचें रीतसर शिक्षण घ्यावें असेंही सुचविलें होतें.

पुढें १९४६ सालीं दिल्ली व वेल्लोर येथें पदवीचें शिक्षण सुरू झालें, आणि १९४७ च्या कायद्यानें भारतीय परिचर्या परिषद निर्माण झाली.

आज मार्ग तीन आहेत. ए.एन.एम. हा २ वर्षांचा क्रम मुख्यतः गांवांतील मातांच्या व बालकांच्या सेवेसाठीं आहे. जी.एन.एम. ही ३ वर्षांची पदविका; बी.एस्सी. ही ४ वर्षांची पदवी. पदवीस बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र हे विषय लागतात. म्हणून खरी निवड दहावीनंतरच होते, हें पालकांनीं विसरूं नये. पैशाच्या अडचणीमुळें जिला प्रथम पदविका घ्यावी लागते, तिनें खचूं नये. पुढें २ वर्षांत तिलाही पदवी मिळवितां येते.

शाळा निवडतांना इमारत पाहूं नका. तिला परिषदेची मान्यता आहे काय, आणि शिकण्यास रोग्यांनीं भरलेलें इस्पितळ जोडलेलें आहे काय, एवढें विचारा. मुलगे या सेवेंत येऊं इच्छितील तर त्यांसही अडवूं नका. ज्या शिक्षणासाठीं एका बाईनें मरेपर्यंत विनवण्या केल्या, तें आज आपल्या दारीं आलें आहे. केवळ लवकर कमाई व्हावी म्हणून तें अर्धवट घेऊं नये, इतकीच आमची विनंती.