दोनशे आकड्यांची तार

दोनशे आकडे घ्या. कुठलेही चालतील, उणे एक ते अधिक एक यांच्यामधले, डोळे मिटून उचललेले. ते रांगेत लावा आणि एकेक करून स्पीकरला द्या. आकडा वाजून झाला की त्याची आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या आकड्याची सरासरी काढा, आणि ती सरासरी रांगेच्या शेवटी नेऊन उभी करा. सेकंदाला ४४,१०० आकडे या वेगाने हे चालू द्या. सुरुवातीला क्षणभर खरखर होते आणि लगेच तिच्यातून छेडलेल्या तारेचा स्वर बाहेर येतो, साधारण २२० हर्ट्झचा. हळूहळू तो मऊ होत विझतो. हा प्रोग्राम मी लिहिला तेव्हा वीस ओळीही लागल्या नाहीत. त्यात गिटारचं रेकॉर्डिंग नाही आणि तारेचा उल्लेखही नाही.

ही युक्ती स्टॅनफर्डच्या केविन कार्प्लस आणि अ‍ॅलेक्स स्ट्राँग यांची. १९८३ साली त्यांनी ती ‘कॉम्प्युटर म्युझिक जर्नल’मध्ये छापली. त्या काळातल्या स्वस्त मायक्रोप्रोसेसरांना गुणाकार जड जायचा, पण बेरीज करून निम्मं करणं त्यांना सहज जमायचं. सरासरीत याहून जास्त काही नसतंच. थोडक्यात, गरिबीतून निघालेली कल्पना.

ती तारेसारखी का वाजते, हे त्याच अंकात डेव्हिड जाफी आणि ज्युलियस स्मिथ यांनी उलगडलं. मूळ गणित १७४७ सालचं, दालांबेर या फ्रेंच गणितज्ञाचं: तारेचं कुठलंही कंपन म्हणजे एकमेकींच्या विरुद्ध दिशेने धावणाऱ्या दोन लहरींची बेरीज. लहर टोकाला आपटते, परत फिरते, पुन्हा आपटते. दोनशे आकड्यांची रांग म्हणजे या येरझारीला लागणारा वेळ. रांग लहान केली की तार आखूड होते आणि स्वर चढतो. सरासरीमुळे बारीक चढउतार आधी पुसले जातात. खऱ्या तारेतही उंच स्वर आधी मरतात. म्हणजे आवाजाची नक्कल करायला निघालेल्यांनी नकळत तारच बांधली होती.

वस्तू बांधायची, आवाज आपोआप येईल, हा विचार त्याआधीचा आहे. बेल लॅब्समध्ये जॉन केली आणि कॅरोल लॉकबॉम यांनी माणसाचा घसा म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या नळ्या असं धरून १९६१ मध्ये आयबीएम ७०४ या संगणकाला ‘डेझी बेल’ हे गाणं गायला लावलं. पुढे स्मिथने हे धागे जुळवून ‘डिजिटल वेव्हगाइड’ ही पद्धत उभी केली आणि १९९४ मध्ये यामाहाने तिच्यावर व्हीएल-१ हा कीबोर्ड काढला. त्यात फुंकर मारून सॅक्सोफोन बिघडवताही यायचा, म्हणजे खरा बिघडतो तसा. पण एका वेळी स्वर निघायचे दोनच. तोवर मेमरी स्वस्त होत चालली होती. खऱ्या वाद्याचा प्रत्येक स्वर रेकॉर्ड करून ठेवणं सोपं पडलं आणि बाजार तिकडे गेला. माझ्या मते ही पद्धत हरली ती किमतीत, कल्पनेत नाही.

आता माझ्या वीस ओळींकडून तानपुरा वाजवून घेऊ म्हटलं, तर तो काही केल्या निघत नाही. फार तर मंद्रातली गिटार ऐकू येते. याचं कारण स्टॅनफर्डच्याही साठेक वर्षं आधी कोलकात्यात लिहून ठेवलेलं आहे.

सी. व्ही. रामन प्रकाशाच्या कामासाठी ओळखले जातात, पण त्याआधी कित्येक वर्षं ते वाद्यांच्या मागे होते: व्हायोलिन, मृदंग, तबला. १९२१ मध्ये त्यांनी तानपुरा आणि वीणेवर एक छोटा निबंध लिहिला. पुस्तकी नियम असा की तार बरोबर मध्यावर छेडली, तर दुप्पट आणि चौपट कंपनांचे स्वर तिच्यात असूच शकत नाहीत. रामन यांना तानपुऱ्यात असे ‘नसायला हवेत’ ते स्वर ठणठणीत ऐकू आले. कारण घोडीत होतं. गिटारची तार घोडीवर एका धारेवर टेकते. तानपुऱ्याची घोडी रुंद आणि किंचित गोलसर असते, आणि तारेखाली एक दोरा सरकवलेला असतो. कंप पावताना तार त्या पृष्ठभागाला पुन्हा पुन्हा चाटून जाते. प्रत्येक स्पर्शात खालच्या स्वरांतली थोडी ऊर्जा वर ढकलली जाते. हीच जवारी. षड्जाच्या तारेतून वर येणारा स्वयंभू गंधार म्हणजे पाचपट कंपनांचा स्वर, आणि तो उठून दिसतो तो जवारीमुळे.

माझी रांग इथे हतबल आहे, कारण सरासरी फक्त पुसते. जे नाही ते ती निर्माण करू शकत नाही.

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात मार्टेन व्हॅन वॉल्स्टिन आणि सहकाऱ्यांनी २०१६ च्या सुमारास हे नीट हाताळलं. त्यांच्या प्रोग्राममध्ये तार घोडीवर आपटते, दोऱ्यावरही आपटते, आणि त्या टकरीचं बल प्रत्येक पावलाला नव्याने काढलं जातं. बेरीज आणि निम्मं करणं एवढ्यावर हे भागत नाही. फोनमधल्या बहुतेक तानपुरा अ‍ॅपमध्ये मात्र रेकॉर्डिंगच फिरत असतं. रियाजाला ते पुरतं, मीही वापरतो. पण त्यात दोरा सरकवता येत नाही. रेकॉर्डिंगच्या दिवशी तो जिथे होता, तिथेच कायमचा राहिला.

मिरजेत तानपुरे बनवणाऱ्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तारांनी घोडीवर चरे पाडले की वाद्य त्यांच्याकडे जवारी काढायला जातं. कारागीर कानस फिरवतो, तार चढवतो, छेडतो, ऐकतो, पुन्हा उतरवतो. बेलफास्टच्या मॉडेलला घोडीचा आकार आधी आकड्यांत सांगावा लागतो. मिरजेत तो आकार अजून कुणी विचारलेला नाही.