कनिष्क, कॉर्क आणि परकेपणाचा प्रश्न

परदेशात दहशतवादाने माणसे मारली, तर त्यांच्या आप्तांचे अश्रू पुसण्याची जबाबदारी कोणत्या राष्ट्राची? कायद्याच्या पुस्तकात याचे उत्तर सोपे असते: ज्याचे पारपत्र, त्याची. ‘कनिष्क’चा इतिहास वाचताना मात्र या सोप्या उत्तरावरचा आमचा विश्वास डळमळतो.

मॉन्ट्रियलहून लंडनमार्गे दिल्लीकडे निघालेले एअर इंडियाचे हे विमान २३ जून १९८५ च्या सकाळी आयर्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यापासून सुमारे १९० किलोमीटरवर, सामानात दडवलेल्या बॉम्बने आकाशातच फुटले. ३२९ जीव गेले, त्यांत ऐंशीहून अधिक मुले. त्याच दिवशी टोकियोजवळच्या नारिता विमानतळावर दुसऱ्या एका बॅगेने सामान हाताळणारे दोन जपानी कामगार मारले. दोन्ही बॅगा निघाल्या होत्या व्हँकुव्हरहून. कट कॅनडात शिजला, मृतांतले बहुसंख्य कॅनडाचेच नागरिक. विमान तेवढे भारताचे, आणि समुद्र आयर्लंडच्या दारातला.

हाती लागले ते फक्त १३१ मृतदेह. आयरिश नौदलाचे ‘एश्लिंग’ हे जहाज, ब्रिटिश हेलिकॉप्टरे आणि वाटेवरची व्यापारी जहाजे यांनी ते पाण्यातून काढले आणि ते कॉर्कच्या रुग्णालयात आणण्यात आले. पाठोपाठ कॅनडातून आणि भारतातून नातेवाईक आले. आधी छायाचित्रे पाहायची, मग ओळख पटवायची. काहींना ओळखण्याजोगे काहीच मिळायचे नाही. या दिवसांत आयरिश परिचारिका आणि पोलीस त्यांच्या शेजारी उभे राहिले, गावकऱ्यांनी घरे उघडली. या लोकांशी आयर्लंडचे ना रक्ताचे नाते होते, ना कागदाचे. पुढे वीस-बावीस वर्षांनी कॅनडातील चौकशी आयोगापुढे साक्ष देताना नातेवाइकांनी सर्वाधिक कृतज्ञतेने आठवण काढली ती याच माणसांची.

आणि कॅनडा? पंतप्रधान ब्रायन मलरोनी यांनी सांत्वनाचा दूरध्वनी केला तो राजीव गांधींना. शिष्टाचार म्हणून त्यात वावगे काही नाही. पण मृत बहुतांशी स्वतःचेच नागरिक असताना शोकाचा पत्ता दिल्लीचा ठरावा, ही गोष्ट टोरांटोतल्या घरांना विसरता आली नाही. या मुद्द्यावर भारती मुखर्जी आणि क्लार्क ब्लेझ यांनी १९८७ साली ‘द सॉरो अँड द टेरर’ हे पुस्तकच लिहिले. मुखर्जींच्या ‘द मॅनेजमेंट ऑफ ग्रीफ’ या कथेत पती आणि मुले गमावलेल्या नायिकेचे नाव शैला भावे आहे. मराठी वाचक या आडनावापाशी क्षणभर थांबल्यावाचून राहणार नाही. तिच्याकडे येणारी सरकारी समाजसेविका वाईट नाही, उलट भली आहे. पण तिच्यापाशी शोकाच्या पायऱ्या सांगणारी पाठ्यपुस्तके आहेत, आणि समोरची माणसे त्या पायऱ्यांनी चढत नाहीत. साहाय्य आणि सोबत यांतला फरक याहून नेमका आम्ही अन्यत्र वाचलेला नाही.

आपणही या प्रकरणी फार स्वच्छ नाही. न्यायमूर्ती किरपाल यांच्या चौकशीने १९८६ साली बॉम्बस्फोटाचा निष्कर्ष दिला. त्यानंतर हा विषय ‘कॅनडाचा’ म्हणून आपण बाजूला सारला. कॅनडाने तो आधीच ‘भारताचा’ ठरवलेला होता! शिक्षा झाली ती एकट्या इंदरजितसिंग रेयातला. मलिक आणि बागरी हे दोन आरोपी मार्च २००५ मध्ये निर्दोष सुटले. न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या आयोगाचा अंतिम अहवाल २०१० साली आला. त्याचे शीर्षकच हा कॅनडाचा शोक असल्याचे सांगते. त्याच वर्षी २३ जूनला पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी कुटुंबांची क्षमा मागितली. तोवर पाव शतक लोटले होते, आणि क्षमा ऐकायला हवे होते असे कित्येक आईबाप जगातून गेले होते.

कॉर्क परगण्यातील अहाकिस्ता या लहानशा गावी समुद्राकाठी दगडी सूर्यघडीचे स्मारक उभे राहिले ते दुर्घटनेच्या पहिल्याच स्मृतिदिनी, जून १९८६ मध्ये. टोरांटोच्या सरोवराकाठचे स्मारक व्हायला २००७ साल उजाडावे लागले. अहाकिस्ताला दर २३ जूनला, स्फोटाच्या वेळी, माणसे जमतात. दुरून आलेल्या नातेवाइकांच्या बाजूला गावातले लोक उभे असतात. त्यांतल्या कित्येकांचा १९८५ साली जन्मही झालेला नव्हता.